एक पॉइंटाचा माणूस

चाकणच्या पट्ट्यात एक फिटर होता. नाव सांगून उपयोग नाही, कारण तिकडे नाव कुणी विचारत नाही. ठेकेदार कोण आणि शिफ्ट कुठली, एवढं कळलं की माणूस ओळखला गेला. बीड जिल्ह्यातून आला, आयटीआयचा फिटर ट्रेड पास होऊन. खराबवाडीत पाच जणांच्या खोलीत एक कोपरा धरला आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेक्यावर लागला.

त्याला मोजायचा नाद होता. शिफ्टला चारशे ऐंशी नगांचं टार्गेट असलं की हा पाचशेच्या वर काढायचा आणि खिशातल्या वहीत तारीख टाकून आकडा लिहायचा. त्यासाठी त्याला जादा पैसे मिळत नव्हते. सुपरवायझर फार तर पाठीवर थाप मारायचा. पण रात्री खोलीवर आडवं होताना तो आकडा डोक्यात असला की झोप चांगली लागायची. हे खूळ त्याला कारखान्यानं लावलं असं कुणाला वाटेल, पण ते घरातूनच आलं होतं. आईबाप ऊसतोडीला जायचे. फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकटा माणूस असला की अर्धा कोयता. पैसे टनावर. एक दिवस अंगात ताप असला की खाडा, आणि खाडा म्हणजे उचल फिटायला आणखी उशीर. माणूस म्हणजे त्याच्या हातून निघालेलं वजन, हे गणित ज्या घरात पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात तिथला तो होता.

पावसाळ्याच्या तोंडावर शेडचं छत गळतंय म्हणून मेंटेनन्सची माणसं वर चढवली. हा त्यांच्यातला नव्हता; हाताशी माणूस कमी पडला आणि हा 'मी जातो' म्हणाला. पत्र्यांच्या मधे उजेडासाठी फायबरच्या शीट बसवलेल्या असतात. ऊन खाऊन त्या ठिसूळ होतात, धूळ बसली की वरून पत्रा कुठला आणि शीट कुठली ते कळत नाही. त्यावर चालायचं तर आडव्या फळ्या टाकाव्या लागतात, कमरेला पट्टा आणि दोर लागतो, खाली जाळी लागते. यातलं काहीच नव्हतं. शीट मोडली आणि हा खाली आला. औद्योगिक पट्ट्यात अशी छतं हजारो आहेत आणि अशी घाईही रोजची आहे. कुणाचं तरी लक्ष नव्हतं असं म्हणून हे प्रकरण मिटवणं सोपं असतं. खरं असं की फळ्या आणायला अर्धा तास लागला असता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून 'डी-सिक्स' म्हटलं. पाठीच्या कण्याच्या छातीमागच्या भागातला सहावा मणका. त्याच्याखालचं शरीर मेंदूचं ऐकणार नव्हतं. पाय तर गेलेच, पण पोटाचे आणि कमरेचे स्नायूही गेले. हे लोकांना पटकन समजत नाही. त्यांना वाटतं, पाय चालत नाहीत, बाकी माणूस धड आहे. पण पलंगाच्या कडेला बसवलं की तो पिठाच्या पोत्यासारखा एका बाजूला कलायचा. लघवीला नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर कातडी सडते. त्याच्या माकडहाडावर जखम झाली ती भरायला उन्हाळा लागला.

गावी नेलं. घराला तीन पायऱ्या आणि उंबरा. भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवाची मर्जी' म्हणायचा, चहा घ्यायचा आणि जाताना आईला बाहेर बोलावून हळू आवाजात काहीतरी विचारायचा. ते काय विचारत असतील हे त्याला ठाऊक होतं. ईएसआयचं कार्ड होतं म्हणून अपंगत्वाचे पैसे महिन्याला सुरू झाले. कार्डावर नाव चढवायला ज्याचा ठेकेदार विसरला, त्याच्या नशिबी तेवढंही नसतं. धाकटी बहीण बारावी झालेली. ती एक दिवस उठली आणि वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत लागली. त्या कंपन्यांत मुलींचीच भरती जास्त असते, बोटं नाजूक आणि तक्रार कमी म्हणून. तिनं मोशीत तळमजल्यावर खोली घेतली आणि भावाला आणून ठेवलं. कंपनीची बस पहाटे यायची. ती निघताना पाण्याची बाटली, डबा, मोबाइलचा चार्जर असं सगळं त्याच्या हाताच्या अंतरात मांडून जायची.

वही त्याच्या उशाखाली होती. तिच्यात लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. एकदा त्यानं बहिणीचा पगार लिहिला, खाली स्वतःचे ईएसआयचे पैसे लिहिले, वजाबाकी केली आणि पान फाडून टाकलं.

पिंपरीत कुठल्याशा शिबिरात व्हीलचेअरची तपासणी फुकट होती. बहिणीनं सुट्टीच्या दिवशी रिक्षानं नेलं. रांगेत पुढे एक पन्नाशीचा माणूस होता, मिशा पांढऱ्या, दंड पैलवानासारखे. त्याची खुर्ची चालताना एका बाजूनं बारीक किरकिरत होती. फिटर कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला.

"काका, उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय तुमच्या. तेल टाकून भागायचं नाही."

"बघून सांगतोस का ऐकून?"

"ऐकून."

म्हातारा वळला. "फिटर हाईस?"

"होतो."

"होतो काय? कान गेलं न्हाईत अजून."

तो साताऱ्याकडचा हवालदार. पूंछकडे गाडी दरीत गेली तेव्हापासून खुर्चीत. राहायला खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरात. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी 1974 साली सुरू झालेली ही संस्था पिंपरी-चिंचवडच्या अगदी वेशीवर आहे. मुंबई-पुणे रस्त्यानं रोज हजारो लोक तिच्या जवळून जातात आणि आत काय आहे हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. हवालदार तिथल्या आणि बाहेरच्या पोरांना गोळा करून व्हीलचेअर बास्केटबॉल खेळवायचा. खेळाच्या खुर्च्या मोडत होत्या आणि नीट करणारा कुणी नव्हता. आमंत्रण मिळालं ते त्यामुळे. खेळासाठी त्याला कुणी बोलावलेलंच नव्हतं.

खेळाची खुर्ची त्यानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो तिच्याकडे बराच वेळ मशीनकडे बघावं तसा बघत राहिला. मोठी चाकं सरळ उभी नसतात, वरून आत आणि खालून बाहेर अशी तिरकी असतात. त्यानं खुर्ची जागेवर गर्रकन वळते आणि धक्का बसला तरी सहज उलटत नाही. पुढे पायांभोवती लोखंडी नळी, गाडीच्या बंपरसारखी. मागे एक छोटं चाक, मागच्या मागे पडू नये म्हणून. ब्रेक नाहीतच, थांबायचं ते तळहातानं. त्यानं दोन खुर्च्यांची बेअरिंग बदलली, एकीचा वाकलेला अॅक्सल सरळ केला. मग हवालदारानं त्याला तिसरीत बसवलं, मांड्यांवर आणि छातीखाली पट्टे आवळले आणि ढकललं.

नियम ऐकून तो चक्रावला. रिंग तीच, दहा फूट उंच. मैदान तेवढंच. चेंडू मांडीवर ठेवून चाकाला दोनदाच रेटा द्यायचा, मग चेंडू आपटायचा किंवा कुणाला तरी द्यायचा. सीटवरून बूड उचलायचं नाही. पडलं तर ज्याला जमेल त्यानं हात टेकून स्वतः उठायचं, नाही जमलं तर संघातले ओढतील. धोका नसेल तर खेळ थांबत नाही. हा खेळ निघाला अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धातून पाठीत गोळ्या आणि तुकडे घेऊन परतलेल्या सैनिकांच्या इस्पितळांमध्ये, 1946 च्या सुमारास. त्यांतले बरेच जण आधी बास्केटबॉल खेळणारेच होते. 1960 साली रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं तेव्हापासून तो तिथे आहे. आपल्याकडे त्याचा देशव्यापी महासंघ चेन्नईच्या माधवी लता यांनी उभा केला; त्या स्वतः पोलिओ झालेल्या. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुलींनी विजेतेपद आणलं आहे. पण फिटरला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरलं नसतं. त्याला एकच दिसत होतं. रिंग, आणि तिच्यात चेंडू टाकला की मिळणारा आकडा.

तो फेकू लागला. पोटाचे स्नायू नसले की फेक फक्त खांद्यातून आणि मनगटातून काढावी लागते. एक हात उचलला की दुसऱ्यानं खुर्ची धरावी लागते, नाही तर माणूस पुढे मांडीवर कोसळतो. चेंडू जाळीच्या खूप खालून जायचा. दुसऱ्या आठवड्यात एकदा रिंगच्या कडेला लागला. त्यानं वही काढली होती. रोज तारीख आणि समोर शून्य.

मग वर्गवारीचा दिवस आला. या खेळात प्रत्येक खेळाडूच्या शरीरात किती ताबा शिल्लक आहे ते बघून त्याला पॉइंट देतात, एकपासून साडेचारपर्यंत. ज्याचा एक पाय गुडघ्याखाली गेलाय पण बाकी अंग शाबूत आहे तो साडेचारचा. ज्याला छातीखाली काहीच नाही तो एकचा. आणि मैदानावरच्या पाचांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. हवालदारानं यादी वाचली. भोसरीचा तो उंच पोरगा, चाकणच्या रस्त्यावर ट्रकखाली पाय गेलेला, साडेचार. पोलिओवाला चार. फिटर एक.

"म्हंजी अर्धा कोयता," फिटर म्हणाला.

"काय?"

"काय न्हाय."

"तू मारायच्या भानगडीत पडूच नको," हवालदार म्हणाला. "त्या साडेचारवाल्याच्या पुढं जो आडवा येईल त्याच्यासमोर खुर्ची घालायची. बास. त्याला पिक म्हणत्यात."

"म्हंजी नुसतं आडवं हुबं राहायचं?"

"आडवं हुबं राहायचं."

पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बहिणीला सांगितलं, रिक्षाचं भाडं फार होतंय. ते खोटं नव्हतं; मोशीहून खडकी म्हणजे जाऊन-येऊन तिच्या दिवसाच्या मजुरीतला मोठा तुकडा. पण खरं कारण वहीत होतं. जिथं कधीच आकडा पडणार नाही अशा जागी कशाला जायचं?

हवालदार मागे चाकं लावलेल्या स्कूटरवरून मोशीत आला. उतरला नाही, दारातूनच बोलला. त्यानं मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा पोरगा, लष्करात बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. इस्पितळात व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं. 1968 ला तेल अवीवला टेबल टेनिस खेळला आणि 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर पोहून 37.33 सेकंदांत सोनं आणलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं.

"सिनेमा बघितलाय मी," फिटर म्हणाला. पेटकरांवरचा तो सिनेमा 2024 मध्ये आला होता. "ते पद्मश्री. मी ठेक्यावरचा."

"पदकाचं सांगायला आलोच न्हाई मी," हवालदार म्हणाला. "टाटांनी त्यांना मदत देऊ केली तवा त्यांनी काय मागितलं ठाऊक हाय? नोकरी. पैसं नगो, काम द्या म्हणालं. टेल्कोत काम केलंनी वर्षानुवर्षं. ह्याच आपल्या पट्ट्यात. पदक एका दुपारचं. हजेरी लावली ती मोज."

मला स्वतःला पेटकरांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. सिनेमावाल्यांना तो तितका दाखवता येत नाही, कारण नोकरीवर रोज जाण्यात पडद्यावर दाखवण्यासारखं काही नसतं. आणखी एक. बॉक्सिंग गेलं म्हणून ते रिंगणाच्या दोरीला धरून बसले नाहीत, पाण्यात गेले. पाण्यात ठोसा लागू पडत नाही. तिथे लागणारं बळ वेगळं, आणि ते पुन्हा पहिल्या इयत्तेपासून शिकावं लागतं.

फिटरला हे पटलं का? नाही. गोष्टी ऐकून माणसं बदलत असती तर आपल्या गावोगावच्या कीर्तनांनी एव्हाना सगळं आटोपलं असतं. तो परत गेला ते वेगळ्याच कारणानं, आणि ते कारण निव्वळ बेरजेचं होतं.

एप्रिलमध्ये सामना ठरला होता. आदल्या रात्री संघातला दुसरा एक पॉइंटाचा गडी लघवीच्या संसर्गानं तापला. खुर्चीतल्या माणसाला हा ताप नवा नाही, पण तो घेऊन खेळता येत नाही. त्याच्या जागी बदली होता तो अडीचचा. साडेचार, चार, अडीच, दोन आणि वर अडीच: साडेपंधरा. संघ उतरूच शकत नव्हता. साडेचारवाला बाहेर बसवला तर चेंडू टाकणार कोण? हवालदारानं फोन केला.

"तुझी ताकद नगो मला," तो म्हणाला. "तुझा एक पॉइंट पायजे. तू कमी हाईस म्हणून मोठा माणूस मैदानात हुबा राहतोय."

असं कुणी कुणाला बोलावतं का! बहिणीनं स्पीकरवर ऐकलं आणि ती हसू दाबत आत गेली. फिटरला राग आला. पण बेरीज त्याला कळत होती. त्यानं दोनदा तोंडी करून पाहिली, ती चौदाच येत होती.

त्याच आठवड्यात फड आटोपून आई आली होती. गाळपाचा पट्टा पडला, साखर कारखाना बंद झाला, उचलीचा हिशेब अर्धवट ठेवून. मुलगा कुठं खेळायला जातो हे ऐकून ती आधी घाबरली आणि मग हट्टानं बरोबर निघाली. मैदानाच्या कडेला, कुंपणाच्या सावलीत, पदर डोक्यावर घेऊन बसली.

पहिल्या पाच मिनिटांतच फिटर पडला. समोरून येणारी खुर्ची बाजूला आदळली, लोखंडाचा खणकन आवाज झाला आणि तो खुर्चीसकट आडवा. आई उठून धावली, "आरं कुणी उचला की रं त्येला!" पंचांनी हात केला, खेळ पुढे गेला. संघातल्या दोघांनी येऊन त्याची खुर्ची धरली, खेचून सरळ केली आणि एकानं म्हटलं, "चल." बस एवढंच. अपघातानंतर दोन वर्षांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं. सगळे हळू बोलायचे, जपून धरायचे. इथं धडकणाऱ्यानं वळूनही पाहिलं नाही.

मग त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती त्याच्यातल्या फिटरच्या लक्षात आली. खुर्ची आडवी सरकत नाही. पायांवरचा माणूस अडथळा आला की एक पाऊल बाजूला टाकतो आणि निघतो. चाकाला ते जमत नाही. त्याला मागे यावं लागतं, वळावं लागतं, मग पुन्हा रेटा. तेवढ्यात दोन-तीन सेकंद जातात, आणि या खेळात तेवढ्या वेळात साडेचारवाला रिंगखाली पोचलेला असतो. म्हणजे समोरचा कितीही दणकट असो, त्याच्या पुढच्या छोट्या चाकाच्या वाटेत आपला बंपर आधी जाऊन थांबला की त्याचे सगळे दंड फुकट. त्याला ढकलायची गरज नाही. ढकललं तर उलट फाउल. फक्त आधी पोचायचं, आणि पोचून थांबायचं.

पण आधी पोचायचं म्हणजे तो कुठे जाणार हे त्याच्या आधी कळायला हवं. फिटर त्या दिवशी चेंडूकडे बघायचा बंद झाला. समोरच्यांच्या खांद्यांकडे बघू लागला. चाकाला हात लावण्यापूर्वी खांदा बोलतो. एकदा उशीर झाला, फाउल. एकदा कोन चुकला, तो बाजूनं निसटला. तिसऱ्यांदा खुर्ची बरोबर जागी जाऊन बसली, समोरचा आपटला, अडकला, शिवी हासडली आणि मागे साडेचारवाल्यानं सावकाश, कुणी घाई करत नसल्यासारखा, चेंडू जाळीत टाकला.

त्यांचा संघ सहा गुणांनी हरला. कागदावर फिटरच्या नावापुढे काही नव्हतं. लोक साडेचारवाल्याला घेरून उभे राहिले, कुणीतरी फोटो काढला. हवालदार आईजवळ येऊन थांबला.

"कसं वाटलं, आक्का?"

आई म्हणाली, "मला चेंडूतलं कळत न्हाय. पर ह्यो मोळी बांधीत हुता."

हवालदाराला ऊसतोड ठाऊक होती, साताऱ्याचाच तो. तरी त्याला लगेच उमगलं नाही. आईनं हातानं करून दाखवलं. "ह्येचा बाप तोडायचा. मी मागून पाचट काढून, वाढं छाटून मोळी बांधायची, मग उचलायची. काट्यावर ऊस मोजत्यात. बांधणं कोन मोजतंय? पर बांधल्याबिगर एक टिपरू गाडीत चढत न्हाय." मग ती लेकाकडे वळली. "त्यो उंच पोरगा टाकतुया ते तू बांधून दिल्यालं. मला दिसत हुतं. त्येला म्हाईत हाय का?"

"म्हाईत हाय," फिटर म्हणाला. साडेचारवाला खेळ संपल्यावर गर्दी सोडून त्याच्याकडेच आला होता आणि विचारून गेला होता, पुढच्या रविवारी डावीकडून येशील का, मला डावा हात जास्त चालतो.

त्यानंतर तो आपणहून जाऊ लागला, आणि भाड्याचा प्रश्न त्यानं स्वतःच सोडवला. भोसरीत एका छोट्या वर्कशॉपवाल्याला त्यानं गाठलं आणि म्हणाला, व्हीलचेअर दुरुस्तीचं काम मी आणतो, बाक आणि व्हाइस तुमचा, निम्मे-निम्मे. त्या माणसानं आधी बाकाच्या उंचीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. बाकाचे पाय चार इंच कापले. खडकीहून, पिंपरीहून, पुढे तळेगावहूनही खुर्च्या येऊ लागल्या. एक पॉइंटाच्या माणसाची सीट मागे खोल उतरती हवी, गुडघे वर आणि बूड खाली, म्हणजे कमरेचा ताबा नसला तरी अंग खुर्चीत रुतून बसतं, हे त्याला स्वतःच्या शरीरावरून कळलेलं. बाहेरून आलेल्या खुर्च्यांत तो ते करून देऊ लागला. जमाखर्च फार नाही. बहिणीच्या पगाराशी वजाबाकी केली तर अजूनही तीच पुढे आहे. ती वजाबाकी त्यानं पुन्हा केली की नाही मला माहीत नाही.

मोजायचं खूळ मात्र गेलं नाही. वहीत आता नवा रकाना आहे. तारीख, सामना, आणि पुढे आपल्या पिकवर किती टोपल्या पडल्या त्याचा आकडा. 'बांधल्या: 7.' 'बांधल्या: 4, दोन वाया.' वाया म्हणजे वाट मिळाली पण साडेचारवाल्यानं चेंडू बाहेर मारला. त्या दिवशी त्याची खैर नसते. हवालदारानं एकदा वही चाळली आणि कपाळाला हात लावला.

"लेका, तुझ्यातला सुपरवायझर काय मरायचा न्हाई."

"टार्गेट धाचं हाय, काका. अजून गाठलं न्हाय."

परवा तळेगावकडचा एक पोरगा आला. विशीचा, दुचाकीवरून पडलेला, डी-फोर. वडिलांनी खुर्ची ढकलत आणला. पोरगा खाली बघत होता. सरावाचा गुणफलक भिंतीवर टांगलेला होता, त्यावरची नावं त्यानं वाचली आणि फिटरच्या नावापुढची जागा रिकामी बघून विचारलं, "तुम्ही नवीनच का, दादा?"

"दोन वर्षं झाली," फिटर म्हणाला. तो पोराच्या खुर्चीच्या चाकाकडे बघत होता. पुढचं डावं कॅस्टर लडबडत होतं. त्यानं खालच्या पिशवीतून पाना काढला. "बाबा, जरा मागून धरा. हे आधी घट्ट करू. आणि तू तळहात दाखव. हातमोजे आणलेत का? नाय? मग आज फेकायचं न्हाय, आज थांबायचं कसं ते शिकायचं."